अडकित्त्यावरची गोळी

सासूबाईंच्या अडकित्त्यात आता सुपारी जात नाही.
रोज सकाळी त्याच्या धारेखाली
एक पांढरी गोळी येते, नेमकी रेघेवर.
कट्.
अर्धी यांच्या तळहातावर,
अर्धी बांगड्यांच्या डबीत, उद्यासाठी.
भुकटी सांडलीच तर मी बोटानं टिपते.
जिभेला कडू लागते, आणि मग वाटतं,
हे कुणाच्या वाट्याचं खाल्लं मी?

वडगावच्या गल्लीत चाळीस वर्षं
हे मागावर उभे.
पाठ धरली की एक गोळी,
रात्रपाळीला दोन.
कोपऱ्यावरच्या दुकानात सुट्ट्या मिळायच्या,
कागदात बांधून, खडीसाखरेसारख्या.
त्या दुखण्याच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत.
बीपीची मात्र आठ महिने बंद.
"डोकं कुठं दुखालंय माझं?"

डोकं नाहीच दुखलं.
दुखलं काहीच नाही.
फक्त चपलेचा पट्टा
दुपारपर्यंत पायावर उमटून राहायचा,
आणि मोरीत फेस दिसायचा.
मी म्हणायची, साबण कोण सांडतंय सारखं.

सिव्हिलमधली डॉक्टरीण बागलकोटकडची,
माझ्या धाकट्या लेकीएवढी.
"उप्पु बेड," म्हणाली,
"उप्पिनकायी बेड, हप्पळ बेड."
मी म्हटलं, मीठ नको, लोणचं नको, पापड नको,
कळलं. राहिलं काय, ते सांग.
ती हसली.
पुढ्यातल्या कागदावर इंग्रजीत होतं:
क्रिएटिनिन, दोन पॉइंट आठ.
तीन भाषा झाल्या.
ज्या दोघांबद्दल एवढं बोलणं चाललं होतं
ती आत, पाठीशी पाठ लावून, गप्प.
इतकी वर्षं गप्पच होती की.

नवी गोळी. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त.
दोन पॉइंट आठचे तीन पॉइंट एक.
भरमाणी भावजी खासबागच्या बाजारातून
भाजीच्या पिशवीसकट थेट दारात:
"बघ वैनी, औषधानंच किडनी खाल्ली.
बंद कर आजपासनं."
त्या रात्री डबी उशाशी घेऊन बसले.
देऊ? नको देऊ?
देवाला नाही विचारलं.
त्याला यातलं काय कळतंय.

पहाटे हेच उठून बसले.
"ती पोरगी बोललीती न्हवं,
आधी जरा वाढंल, भ्यायचं नाही.
मला तवाच कळलं.
ताणा ओढून धरला की कापड झरझर उतरतंय,
मालक खूश.
पण तारा तुटतात, एकेक, आवाज न करता,
आणि उजाडल्यावर बघावं तर कापडात भोक.
ताण सैल केला की पहिल्या आठवड्यात
मीटर कमी भरतंय.
भरू दे कमी.
सूत टिकाय पायजे."

चाळीस वर्षांत एका दमात एवढं
ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.
बहुतेक मागाचा आवाज असायचा मध्ये.

मी उठून अडकित्ता शोधला.

मागच्या सोमवारी पुन्हा रक्त दिलं.
तीन पॉइंट एक. तिथंच.
डॉक्टरीण मोडक्या मराठीत म्हणाली, "चांगला हाय."
मी म्हटलं, हौद री.

केळं बंद, शहाळं बंद.
आजाऱ्याला भेटायला येणारे जे जे आणतात
ते सगळं बंद.
बटाटा बारीक चिरून कोमट पाण्यात ठेवायचा,
ते पाणी ओतायचं,
पुन्हा पाणी, पुन्हा ओतायचं.
अशा बटाट्याला चव नसते.
हे खातात. मीठ मागत नाहीत.
एकदाच म्हणाले, वाडग्यात बघत,
"पाण्यानं सगळं नेलं की गं."

ते पाणी मी दारातल्या कर्दळीला घालते.
कर्दळ माजलीय.